स्पिरुलिना पावडर, काही महिने वापरल्यानंतर : प्रोटीनचा आकडा राहू द्या, बॅचचा रिपोर्ट मागा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरात स्पिरुलिना, म्हणजे नील-हरित शेवाळाची वाळवलेली पावडर, आली आणि ती अजून चालू आहे. पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं ते प्रोटीन, म्हणून तेवढं आधी बोलून टाकते. वाळलेल्या स्पिरुलिनात १०० ग्रॅममागे ५५ ते ७० ग्रॅम प्रोटीन असतं, हे खरं आहे. पण आपण खातो किती? मी रोज ३ ग्रॅम घेते, म्हणजे फार तर २ ग्रॅम प्रोटीन. वाटीभर घट्ट वरणात याहून जास्त मिळतं. लोहाचंही तेच. १०० ग्रॅममध्ये २८ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या ३ ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. त्यामुळे जेवणात थोडी भर, एवढीच अपेक्षा ठेवून घ्यावी.

माझा सगळा जीव अडकला तो शुद्धतेत. हे शेवाळ ज्या पाण्यात वाढतं त्यातलं शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम शोषून घेतं, आणि आपण ते न शिजवता, आहे तसं पोटात घालतो. त्यातून स्पिरुलिनाच्या नात्यातल्या काही नील-हरित जाती मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतात, जे थेट यकृतावर घाव घालतं. स्पिरुलिना स्वतः ते बनवत नाही, पण टाकीत भलती जात शिरली तर ती सोबत वाळून येते. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या क्लामथ सरोवरातून निसर्गतः वाढलेलं निळं-हिरवं शेवाळ काढून विकतात. ओरेगॉन राज्याच्या सरकारने १९९७ साली त्यात मायक्रोसिस्टिनला ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, आणि ८७ नमुने तपासले तेव्हा ६३ नमुने त्या मर्यादेच्या वर निघाले. लागवडीची स्पिरुलिना इथे बरीच सुरक्षित ठरते, कारण ती सोडा घातलेल्या, ९ ते ११ पीएचच्या पाण्यात वाढवतात. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात बाकीच्या बहुतेक जाती तग धरत नाहीत. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळ्या' नव्हे. आणि खत काय घातलं, यावरही बरंच अवलंबून असतं. गोबरगॅसच्या स्लरीवर स्पिरुलिना वाढवण्याचे प्रयोग आपल्याकडे झालेत. जनावरांसाठी ते ठीक असेल, माझ्या ताकात मला ती नको.

म्हणून विकत घेण्याआधी तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न पाठवला : या बॅचचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट मिळेल का? एकाने प्रोटीनची टक्केवारी आणि शुभेच्छा पाठवल्या. दुसऱ्याने प्रमाणपत्र पाठवलं, त्यावर बॅच नंबरच नव्हता आणि तारीख दोन वर्षं जुनी. तिसऱ्याने पाकिटावरच्या नंबराशी जुळणारा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट पाठवला. त्यात चारही जड धातू, जिवाणूंची संख्या, ई. कोलाय, साल्मोनेला, ओलावा, सगळं होतं. मायक्रोसिस्टिन नव्हतं. विचारल्यावर त्यांनी ते वेगळं करून घेऊन पाठवलं. पाकीट त्यांच्याकडूनच घेतलं. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना नंबर तिघांच्याही पाकिटावर होता. तो असायलाच हवा, पण तो धंद्याचा परवाना आहे, तुमच्या हातातल्या पाकिटाची तपासणी त्यात होत नाही.

माल घरी आल्यावर काचेच्या ग्लासात थंड पाणी घेऊन त्यात चिमूटभर पावडर टाकून ठेवते. काही तासांनी हिरवा गाळ खाली बसतो आणि वरच्या पाण्याला स्वच्छ निळी झाक येते. तो रंग स्पिरुलिनातल्या फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचा. वाळवताना माल जास्त तापला असेल किंवा फार जुना असेल तर निळं फिकट पडतं, पाणी मळकट दिसतं. धातू आणि जिवाणू यातून कळत नाहीत, पण माल नीट हाताळला गेलाय का, हे बरंचसं समजतं. चांगल्या पावडरीला तळ्याकाठच्या ओल्या गवतासारखा वास येतो. कुबट किंवा सडक्या मासळीचा वास आला तर टाकून द्यावी. जिभेवर सोड्याची चव रेंगाळत असेल तर गाळल्यावर धुतलेली कमी आहे.

खायची पद्धत : ताक, जिरं, मीठ आणि हिंग. थालीपिठातही घालून पाहिली, पण तव्यावर निळा रंग उडतो आणि वास उग्र होतो. पावसाळ्यात हवा लागली की गुठळ्या होतात, म्हणून १०० ग्रॅमच्या वरचं पाकीट घेत नाही आणि बरणीत ओला चमचा घालू देत नाही.

शाकाहारी घरांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते. पुष्कळ पाकिटांवर बी-१२ चा दावा असतो. स्पिरुलिनातलं बहुतांश बी-१२ आपल्या शरीराला वापरताच येत नाही अशा रूपातलं असतं. आईचं बी-१२ कमी आहे, तिची इंजेक्शनं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच चालू आहेत. या भरवशावर कुणी ती बंद करू नयेत.

सुरुवातीला पोटात गॅस धरायचा, अर्ध्या चमच्यावर आणल्यावर थांबलं. थकवा पळाला, केस वाढले, असं काही मला जाणवलेलं नाही. फिनाइलकीटोन्युरिया (प्रोटीनमधला फिनाइलअलानिन हा घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी ही घेऊच नये. गरोदर बायका, लहान मुलं आणि ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा) आजाराची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

नवीन पाकिटाचा बॅच नंबर वेगळा आहे. त्याच्या रिपोर्टसाठी मेल टाकली आहे, तो येईपर्यंत पाकीट सीलबंदच ठेवणार.