दिल्लीला पोस्टर न्यायचंय: राजधानी की विमान?

परिषदेला नुसतं ऐकायला जाणार असाल तर सरळ विमानाचं तिकीट काढा. अडचण आपलं संशोधन मांडणारं पोस्टर घेऊन जाणाऱ्यांची आहे. मी बोरिवलीला राहतो, कॉलेजात शिकवतो आणि दिल्लीच्या परिषदांना दोन्ही मार्गांनी गेलोय.

वेळेत विमान पुढे आहे, पण वाटतं तेवढं नाही. घरातून टर्मिनल गाठणं, तपासणी, तिकडे सामानाची वाट बघणं धरलं तर माझा अर्धा दिवस जातोच, आणि एक रजाही. राजधानी संध्याकाळी पाचच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून सुटते, बोरिवलीला थांबते आणि सकाळी साडेआठच्या आसपास नवी दिल्लीला पोचते. सकाळची दोन लेक्चर्स घेऊन निघता येतं.

माझा निर्णय मात्र पोस्टर गुंडाळून न्यायच्या नळीने केला. ए-झीरो या मोठ्या कागदाच्या आकारातल्या पोस्टरची अरुंद बाजूसुद्धा ८४ सेंटीमीटर भरते, म्हणजे नळी त्याहून लांब. केबिन बॅगेला साधारण ५५ सेंटीमीटरची मर्यादा. जाऊ द्यायचं की नाही हे काउंटरवरच्या माणसावर. एकदा सोडली. पुढच्या वेळी, ‘सर, ही चेक-इनलाच टाकावी लागेल.’ दिल्लीत पट्ट्यावर नळी आली ती मधोमध चेपलेली, एका बाजूचं टोपण गायब. रात्री पोस्टर हॉटेलच्या गादीखाली घालून झोपलो. सकाळी बोर्डावर लावलं तर चुणी नेमकी मुख्य आलेखावरून आडवी गेलेली. दोन वर्षांचं काम होतं ते. येणारा प्रत्येक जण आधी चुणी बघायचा, मग आकडे. आजही आठवलं की जीव हळहळतो.

राजधानीत मी वरचा बर्थ घेतो. नळी चादरीत गुंडाळून भिंतीकडच्या बाजूला ठेवली की सकाळपर्यंत तिला कोणी हात लावत नाही.

कापडावर छापून घ्या, घडी करून बॅगेत टाका, असं सहकारी सांगतात. मजकूर आणि आलेख असतील तर ते उत्तमच. माझ्याकडे मायक्रोस्कोपखालचे फोटो असतात. कापडावर त्यातले बारीक तपशील मला तरी पुसट वाटले.

राजधानीच्याही अडचणी आहेत. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाडी कितीही रखडू शकते. विमानंही अडकतात, पण त्या दिवसांत सकाळचं सादरीकरण असेल तर मी तरी आदल्या दिवशीच दिल्लीत पोचेन, कशानेही. दुसरं भाड्याचं. २०१६ पासून दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी चढतं. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. त्याच दिवशी काढून टाका, परिषदेसाठी पोस्टरची निवड झाल्याचं पत्र यायचं असलं तरी. नाही झाली तर रद्द करताना थोडे पैसे जातात, तेवढे सोसतात.

उतरल्यावर अजमेरी गेटच्या बाजूला यलो लाइनची मेट्रो आहे. परिषद विज्ञान भवनात असेल तर उद्योग भवनला उतरायचं. भारत मंडपमला जायचं तर राजीव चौकला बदलून ब्लू लाइनचं सुप्रीम कोर्ट स्टेशन.

येताना मी विमानानेच येतो. तेव्हा पोस्टर चेपलं तरी काही बिघडत नाही.