दक्षिण श्रीलंका, काही महिने राहिल्यानंतर: खोली घेण्याआधी रस्ता बघा

गॉलचा किल्ला, मिरिस्साची नारळाची टेकडी, अहंगामाचे काठीवर बसलेले मासेमार यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले आहेत, म्हणून ते वर्णन करत बसत नाही. कुठल्याही फोटोत न दिसणाऱ्या एका गोष्टीमुळे हे लिहायला घेतलं आहे. ती गोष्ट म्हणजे गॉल रोड.

कोलंबोहून निघून गॉल, मातारा, तंगाल्ले करत हंबनटोटाकडे जाणारा हा ए-२ महामार्ग बराचसा समुद्राला खेटून जातो. वेलिगामाला तर रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम वाळूचा पट्टा आहे. २०११ मध्ये एक्स्प्रेसवे गॉलपर्यंत आला, २०१४ मध्ये मातारापर्यंत, तेव्हा लांबच्या गाड्या आतल्या बाजूने जाऊ लागल्या. पण गावोगावी थांबणाऱ्या खाजगी बस याच रस्त्यावर आहेत. पुढचा प्रवासी आपल्याला मिळावा म्हणून त्या एकमेकींशी शर्यत लावतात आणि शर्यतीत हॉर्नवरचा हात काढत नाहीत. पहाटे साडेचारला पहिला हॉर्न वाजतो, आणि तो साधा नसतो, चांगला तीन सुरांचा असतो.

माझं काम लॅपटॉपवरचं. आईचे गुडघे दुखतात, तिला सपाट गाव आणि समुद्राची हवा हवी होती. मार्चमध्ये आम्ही दोघी इथे आलो आणि वेलिगामा-मिरिस्साच्या मध्ये एका गेस्टहाउसमध्ये महिन्याचे पैसे आगाऊ भरून खोली घेतली. जाहिरातीत ‘समुद्रापासून दोन मिनिटं’ असं होतं आणि ते खरं होतं. त्या दोन मिनिटांत महामार्ग ओलांडावा लागतो, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. खिडकी रस्त्यावर. मागची खोली मागितली तर दर दीडपट. पैसे परत मागितले तर ‘बुकिंग केलंत तिथे विचारा’, आणि बुकिंगवाल्यांचं उत्तर असं की आवाज ही तक्रारीत बसत नाही. ज्या खोलीत झोपता येत नाही तिला खोली म्हणून भाडं घेतलं, याला मी आजही फसवणूकच म्हणते. उरलेल्या दिवसांचे पैसे सोडून आम्ही निघालो. श्रीलंकेचे साधारण साडेतीन रुपये म्हणजे आपला एक, त्यामुळे आकडा भारतीय रुपयांत लहान दिसतो. माझ्यासाठी तो लहान नव्हता.

तेव्हा मी या किनाऱ्याला पाचपैकी दोन दिले असते.

दुसरी खोली मातारापासून आत, रेल्वेच्याही पलीकडे, एका शिक्षिकेच्या घरी मिळाली. भाडं निम्मं. समुद्र पंधरा मिनिटं चालून. रात्री बेडूक ओरडायचे आणि झावळ्या सळसळायच्या, बाकी काही नाही. ज्या कुणाला इथे आठवड्याहून जास्त राहायचं आहे त्यांनी नकाशात या महामार्गापासून किमान अर्धा किलोमीटर आत शोधावं. समुद्र दिसणाऱ्या खोलीचे जादा पैसे भरू नयेत. समुद्र पाहायला फुकट आहे.

आता मत बदललं ते इथून. समुद्र लांब गेला म्हणून रोज बस घ्यावी लागली, आणि ज्या बसला मी शिव्या घालत होते तीच या किनाऱ्याची सगळ्यात चांगली सोय निघाली. थांब्यावर उभं राहून हात केला की पाच-दहा मिनिटांत काहीतरी येतंच. सरकारी बस लाल, खाजगी निळ्या-पांढऱ्या, बहुतेक सगळ्या अशोक लेलँडच्या, त्यामुळे गियर टाकल्यावर येणारा आवाज एसटीने प्रवास केलेल्या माणसाला लगेच ओळखू येतो. कंडक्टर आईला ‘अम्मा’ आणि मला ‘अक्का’ म्हणायचा. पुढची बाकं भिक्खूंसाठी राखीव असतात, तिथे बसू नका. बाकी म्हाताऱ्या माणसाला न मागता जागा मिळते. भाडं इतकं कमी की त्याच अंतराला थ्री-व्हीलरवाले कित्येक पट सांगतात तेव्हा मला खरंच राग यायचा. गाडी आपल्या बजाजचीच असते, भाव मात्र चेहरा बघून. अ‍ॅपवर मागवली तर मीटरचा दर लागतो, तेवढं करावं. आणि १३-१४ एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षाला बस, दुकानं, खानावळी सगळं जवळजवळ बंद असतं, तेव्हा आदल्या दिवशीच घरात सामान भरून ठेवा.

रेल्वेबद्दल एक उपयोगाची गोष्ट. कोलंबो फोर्टहून निघताना सगळे उजव्या खिडकीसाठी धडपडतात, आणि ते बरोबर आहे, कारण कोलंबो सोडताना रूळ अक्षरशः लाटांच्या कडेने जातात. पण गॉलला गाडीची दिशा उलटते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. तिथून मातारापर्यंत समुद्र डब्याच्या दुसऱ्या बाजूला जातो. मातारापर्यंत जाणार असाल तर गॉलला उठून जागा बदला. गॉलपर्यंत ही लाइन १८९४ मध्ये आली, मातारापर्यंत १८९५ मध्ये, आणि त्यापुढच्या बेलिअत्तापर्यंत पोहोचायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात कलुतरा ते मातारा हा भाग भारताच्या कर्जातून इरकॉन या आपल्या सरकारी रेल्वे-बांधकाम कंपनीने नव्याने बांधून दिला आहे. दुसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट काढा, दारात उभं राहायला मिळतं.

याच लाइनवर हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया आहे. २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी आली त्या दिवशी, पौर्णिमेची सुट्टी होती, गाडी खच्चून भरलेली. पहिल्या लाटेनंतर आजूबाजूच्या गावातली माणसं थांबलेल्या गाडीचा आडोसा घ्यायला, टपावर चढायला आली, कारण एवढं लोखंड वाहून जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. दुसरी लाट त्याहून मोठी होती. दीड हजाराहून जास्त माणसं त्या एका गाडीपाशी गेली. रेल्वेच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसं कधी दगावलेली नाहीत. स्मारक रस्त्याला लागूनच आहे, जवळच अफगाणिस्तानातल्या बामियानच्या धर्तीवर उभारलेली बुद्धाची उंच मूर्ती. टूरच्या गाड्या तिथे फोटोपुरत्या थांबतात. जवळच्या छोट्या संग्रहालयात जा, तिथली माणसं त्या दिवसाबद्दल स्वतः बोलतात. तिकीट नाही, पेटीत टाकाल ते. तिथे मी हात आखडता घेतला नाही.

गॉलच्या किल्ल्यावर माझं प्रेम बसलं याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. गॉल रोड त्याच्या आत येत नाही. बसस्टँड, बाजार, क्रिकेटचं मैदान सगळं तटाबाहेर, आणि वेशीतून आत शिरलं की हॉर्न बंद. पोर्तुगिजांनी १५८८ मध्ये इथे तटबंदी उभी केली, डचांनी १६४० मध्ये गाव घेतलं आणि आज दिसतात ते जाड तट त्यांनी बांधले. जुन्या वेशीवर बाहेरून इंग्रजांचं राजचिन्ह आहे आणि आतून डच कंपनीचं, वर्ष १६६९. दोन्ही नीट पाहायचे तर वेशीतून जाऊन मागे वळावं लागतं. डच चर्च १७५५ चं, त्याच्या फरशीत थडग्यांचे दगड आहेत. दीपगृहासमोरची मशीद १९०४ ची, आणि लांबून चर्चच वाटते. त्सुनामीत बसस्टँड आणि मैदान वाहून गेलं, पण तटाच्या आतलं गाव बव्हंशी वाचलं. युनेस्कोने १९८८ मध्ये हा जागतिक वारसा ठरवला. आत फिरायला तिकीट लागत नाही, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कॉफीचे भाव मात्र युरोपातल्या पाहुण्यांना धरून लावलेले आहेत. पाण्याची बाटली आणि डाळवडे बसस्टँडवरूनच घेऊन जा.

तटावर घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभं राहिलं की मैदान पायाशी दिसतं. जुलै २०१० मध्ये मुरलीधरनने आठशेवी विकेट इथेच घेतली, प्रग्यान ओझाची, आणि कसोटी सोडली. कसोटी चालू असते तेव्हा लोक तटावर छत्र्या घेऊन बसतात आणि फुकट बघतात.

पण गॉलबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मी तिथे भेटलेल्या प्रत्येकाला ऐकवली आहे. इथली सगळ्यात मोलाची वस्तू इथे नाही. चीनचा दर्यासारंग झेंग ह याने १४०९ सालचा एक शिलालेख इथे आणून उभा केला. एकाच दगडावर चिनी, तमिळ आणि फारसी. चिनी मजकुरात बुद्धाला अर्पण केलेल्या वस्तूंची यादी आहे, तमिळमध्ये तेनवरै-नायनार म्हणजे विष्णूरूप देवाला, फारसीत अल्लाला. सोनं, चांदी, रेशीम, तेल, तिघांना सारखंच. या किनाऱ्यावर व्यापार करायचा तर तिघांचाही मान राखला पाहिजे, हे सहाशे वर्षांपूर्वी एका परक्या दर्यासारंगाला कळलं होतं. हा दगड १९११ मध्ये गॉलमध्ये सापडला तेव्हा तो मोरीवर झाकण म्हणून टाकलेला होता. वरून वाहतूक चालली होती. आता तो कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेव्हा परतीच्या विमानाआधी अर्धा दिवस ठेवा आणि तो दगड पाहूनच निघा. मॉलमध्ये जाऊ नका.

तो तमिळ मजकूर ज्या देवाला उद्देशून आहे त्याचं देऊळ माताराच्या पुढे देविनुवरात होतं, ज्याला नकाशे दोंद्रा म्हणतात. इब्न बतूता १३४४ मध्ये तिथे गेला होता आणि त्याने तिथल्या ब्राह्मण-जोग्यांच्या गर्दीबद्दल लिहिलं आहे. १५८८ मध्ये पोर्तुगिजांनी ते देऊळ लुटून पाडलं. आज नवं देवालय आहे, जुने दगडी खांब आहेत, आणि थोडं वर टेकडीवर गलगे नावाचं छोटं दगडी देऊळ उभं आहे, साधं, चौकोनी, कोरीवकाम जवळजवळ नाही. मातारापासून बसने वीस-पंचवीस मिनिटं. गर्दी नाही, तिकीट नाही. तिथून खाली बेटाच्या दक्षिण टोकावर १८९० चं दीपगृह आहे, एकोणपन्नास मीटर, देशातलं सगळ्यात उंच. ऑगस्टमध्ये पेरहेराच्या वेळी आलो तेव्हा हत्ती, ढोल आणि मशालींची मिरवणूक पाहायला गावं लोटली होती, आणि त्या रात्री गॉल रोडवर बस उभ्या होत्या. हॉर्न नाही. आईने हसून ते माझ्या लक्षात आणून दिलं.

देवमाशांबद्दल थोडक्यात. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मेअखेरीस नैऋत्य मोसमी पाऊस येतो, म्हणजे कोकणात पोहोचायच्या थोडं आधी, आणि मग समुद्र खवळतो. मे ते सप्टेंबर या किनाऱ्यावर पोहायला येऊ नका, त्या महिन्यांत पूर्व किनारा शांत असतो. मार्चमध्ये आम्ही मिरिस्साहून बोटीने गेलो आणि निळा देवमासा पाहिला, लांबूनच, पाठ आणि फवारा. काही बोटवाले त्याच्या अगदी अंगावर जातात ते मला पाहवलं नाही. दक्षिणेला थोड्याच अंतरावर जगातला एक मोठा जहाजमार्ग आहे, समुद्रातला गॉल रोडच तो, आणि देवमासे त्यावर जहाजांना धडकून मरतात. २०२२ पासून एका मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही ते करायला हवं.

खाण्याचा खर्च दुपारी भाताचं पाकीट घेतलं तर फारच कमी. लाल भात, दोन-तीन भाज्या, खोबऱ्याचं सांबोल, माशाचा तुकडा. आंबुल थियल हा इथला खास प्रकार: ट्यूना गोरक्यात कोरडा शिजवतात. गोरका कोकमाच्याच कुळातला आहे, त्यामुळे आईला पहिल्या घासाला आपलं वाटलं. कवठाचं सरबतही मिळतं, घट्ट आणि आंबटगोड. म्हशीचं दही मातीच्या भांड्यात, वर कितुल नावाच्या माडाची काकवी. काठावरच्या हॉटेलात हेच तिप्पट भावाला आणि निम्म्या चवीचं मिळतं.

आज चार देते. पाचवा रोखून ठेवला आहे तो कासवांमुळे. गॉल रोडच्या कडेला ‘कासव संवर्धन’ अशा पाट्या लावलेली केंद्रं आहेत. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी पिल्लं सिमेंटच्या टाक्यांत दिवसेंदिवस ठेवलेली होती, पाहुण्यांच्या हातात देऊन फोटो काढून घेत होते, आणि तिकीट भरपूर. पिल्लू अंड्यातून निघालं की त्याने लगेच समुद्राकडे जायचं असतं, ती पहिली धाव त्याच्या जगण्यासाठी गरजेची असते. वेळासला आपल्याकडे गावकरी हे किती नीट करतात ते पाहिल्यावर मला टाक्यांसमोर उभं राहवेना. तंगाल्लेच्या पुढे, महामार्गापासून आत वळून, रेकवाचा किनारा आहे. तिथे रात्री माद्या अंडी घालायला वर येतात आणि स्थानिक लोक माणसांना लांब बसवून, दिवे बंद करायला लावून दाखवतात. कधी दोन-तीन तास थांबून काहीच दिसत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. तरीही तिकिटाचे पैसे तिथेच भरा, टाक्यांना एक रुपया देऊ नका.