कादंबरी मध्येच अडली तर: पुढे उडी, मागे फेरी की थेट बंदर?

सुरुवातीची प्रकरणं भराभर होतात आणि मग मध्यावर कुठेतरी लिखाण ठप्प होतं. अशा वेळी सल्ले तीनच मिळतात: अडलेलं सोडून पुढचं लिही, मागचं परत वाच, नाहीतर ऊठ आणि त्या जागी जाऊन ये. तिन्ही खरे आहेत, पण प्रत्येक सल्ला वेगळ्या दुखण्यावरचा.

एक कथानक धरू. १९८२ चा गिरणी संप. कोकणातल्या हर्णै बंदराजवळच्या गावचा चाकरमानी काही महिने वाट बघून गावी येतो, धाकट्या भावाच्या ओटीवर टेकतो. भावजय पाण्याचा तांब्या आणते. आणि इथून पुढे काही सुचत नाही.

पुढे उडी मारायची, तर वाटणीच्या दिवशीचं दोघा भावांचं भांडण लिहून टाका. डोळ्यांसमोर लख्ख असेल तर तासाभरात होईल, हुरूपही येईल. पण आवडीचे प्रसंग आधीच लिहून संपतात आणि मधली जोडणी तशीच राहते. नुसता कंटाळा आला असेल, तरच हा मार्ग घ्यावा.

माझं मत मागे फेरी मारण्याच्या बाजूने आहे. ओटीवर काही घडत नाही, कारण हा माणूस कशासाठी आलाय हे आपणच ठरवलेलं नाही. राहायला, की हिस्सा मागायला? सातबारावर त्याचं नाव आहे का? आता दोन प्रकरणं मागे जाऊन परळच्या खोलीत बायकोच्या तोंडी एक वाक्य घाला: "आंब्याच्या कलमांच्या हिश्शाचं बोलल्याशिवाय परत येऊ नका." लगेच तांब्या घेताना त्याचा हात अडखळतो, भावजयीच्या ते लक्षात येतं, आणि ती नवऱ्याला हाक मारते. प्रसंग सुरू झाला. याची किंमत मात्र मोजावी लागते: मधली पानं फाडावी लागतात, आणि ती बहुधा चांगली उतरलेली असतात.

बंदरावर जायचं ते जग ठाऊक नसेल तेव्हा. हर्णैला मोठ्या बोटी आत पाण्यात उभ्या राहतात. मासळी होड्यांतून, बैलगाड्यांतून किनाऱ्याला येते आणि वाळूवरच लिलाव होतो. बोली वाढवताना बाई कुणाकडे बघते, ओल्या नोटा कुठे खोचते, हे घरी बसून सुचणार नाही. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा गेलात तर हा लिलाव दिसायचा नाही. शिवाय आजचं बंदर १९८२ सांगत नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८ मध्ये. तुमचा माणूस एसटीने आलेला असणार. तो प्रवास जुन्या चाकरमान्यांना विचारा. निघण्यापूर्वी नेमके प्रश्न लिहून घ्या, नाहीतर वही भरते आणि कादंबरी आहे तिथेच राहते.

हाताशी एकच रविवार असेल तर हर्णै राहू द्या. शेवटची तीन प्रकरणं छापून घ्या, मोठ्याने वाचा. पात्राने स्वतःहून काही ठरवल्याची शेवटची जागा सापडली की तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्याच्या पुढचं वाक्य नव्याने लिहायला घ्या.