‘म’ विझला तेव्हा: दुकानाच्या नव्या बोर्डाचा सात महिन्यांचा अनुभव

दुकानाचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. आधी आमचं आडनाव आणि पुढे ‘मसाले’, एवढं पुरे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री ‘मसाले’मधला ‘म’ विझला. बाकी सगळं लख्ख. आडनावापुढे काय उरलं ते तुमचं तुम्ही वाचा. समोरचा चहावाला सगळ्यात आधी आला. “शेठ, रातच्याला कुणाला शिव्या घालताय?”

तो ‘म’ पुढे एक्केचाळीस दिवस विझलेला होता. म्हणून हे लिहायला बसलोय, एरवी मी कसला लिहितोय.

कराडात आमची कांडप गिरणी वडिलांच्या वेळची. लोक मिरच्या घेऊन यायचे, आम्ही डंकावर कुटून द्यायचो. पुढे आई आणि बायको स्वतःची कांदा-लसूण चटणी अन् गोडा मसाला करून विकायला लागल्या. बोर्ड म्हणाल तर लोखंडी फ्रेमवर फ्लेक्स, त्यावर मिरच्यांचा ढीग. वर्षभरात उन्हानं त्या मिरच्या गुलाबी पडायच्या, की मी परत तोच फ्लेक्स मारायचो. स्वस्तात काम व्हायचं, तक्रार कोण करणार? पण भाची पुण्याहून आली आणि म्हणाली, “मामा, तुमची चटणी मैत्रिणींना देताना मी पाकीट फेकून डब्यात भरून देते.” ते लागलं.

मग डिझायनर गाठली. लोगो, लेबल आणि बोर्डाचं डिझाइन मिळून १४,००० रुपये. बोर्डवाला वेगळा. १० बाय ३ फूट एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवलेली), त्यावर अ‍ॅक्रिलिकची उठावाची अक्षरं, आत एलईडी, एकूण २७,०००. म्हणजे ४१,००० गेले. त्यात चांगली ब्याडगी मिरची किती आली असती याचा हिशेब मी त्या दिवशी कागदावर मांडला होता, तो कागद अजून गल्ल्यात आहे. गुढीपाडव्याला बोर्ड चढला.

सुरुवातीचे तीन महिने खोट काढायला जागा नव्हती. फिकट पांढऱ्यावर गडद तांबडी अक्षरं, मिरची एकही नाही. मिरची नाही यावरून मी डिझायनरशी भांडलो होतो. ती म्हणाली, “काका, या रस्त्यावरच्या मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर मिरची आहे. तुम्ही कुठं दिसणार?” ‘ले’मधला ल पाकळीचा हवा, दांड्याचा नको, हा तिचा आणखी एक हट्ट. आईला तो बोर्ड शाळेच्या पाटीवरच्या अक्षरासारखा वाटला. इंग्रजी नाव खाली बारीक. तसंही राज्याच्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे तिथं वादाला जागाच नव्हती.

आणि मग पाऊस.

बोर्डवाल्याला पहिला फोन केला. “दादा, पाऊस थांबू द्या, वर चढता येत नाही.” जुलैत कराडात पाऊस थांबायची वाट बघायची! दुसऱ्या फोनला, पोरगं गावाला गेलंय. तिसऱ्याला फोटो मागवला. आणि पाचव्या का सहाव्याला असं, की वॉरंटी मॉड्यूलला, म्हणजे अक्षरातल्या एलईडीच्या तुकड्याला आहे, मॉड्यूल गेलेलंच नाही, वायर गेलीय, वायरला वॉरंटी नसते. मी म्हटलं, मग मॉड्यूल काय हवेवर पेटतं का? फोन कट.

बोर्ड बंद का नाही ठेवला, असं विचाराल. चार दिवस ठेवला. गिऱ्हाईक लांबूनच दुकान बंद समजून पुढं जायचं. मग ‘म’समोर एक साधा बल्ब लोंबकळत सोडला. त्यानं ‘म’ दिसेना, पाकोळ्या मात्र सगळ्या कराडच्या आल्या. त्यातच कुणा हौशी माणसानं रात्रीचा फोटो काढून मोबाइलच्या नकाशात आमच्या दुकानावर टाकला. दुकान शोधलं की पहिला तोच फोटो! आमच्या ४१,००० च्या इमेजचं हे असं झालं.

शेवटी ओळखीच्या वायरमनला शिडीवर चढवलं. अक्षरातले एलईडी बारा व्होल्टवर एकापुढे एक जोडत नेलेले असतात. आमच्या ‘मसाले’ला वीज ‘ले’कडून घातलेली, म्हणजे ‘म’ सगळ्यात शेवटी. ‘स’ आणि ‘म’च्या मधला जोड नुसता पिळून साधी काळी टेप गुंडाळलेली. पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडली होती. तो जोड दहा मिनिटांचं काम. पण त्यानं खाली बघितलं तर वीज बारा व्होल्टवर आणणारा डबा, एसएमपीएस म्हणतात तो, पावसात न चालणारा, आणि ठेवलेला कुठं तर शीटमागच्या खालच्या पट्टीवर, जिथं पाणी साठतं. “हा अजून जळला नाही हेच नशीब,” म्हणाला. डबा बदलून आत दुकानात माळ्यावर घेतला, सगळे जोड नीट बंद केले. एकूण १,८५० रुपये, माझ्या खिशातून.

तेव्हा माझं मत पक्कं झालं होतं, की ही सगळी थेरं आहेत, फ्लेक्सच बरा. तसं चार जणांना सांगूनही झालं. आता त्यातलं अर्धं मागं घेतो.

कारण लेबल. खरं तर त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. आधी ३५ पैशांचं काळं-पांढरं स्टिकर लावायचो, चटणीचं तेल लागलं की ते पाकिटावरून सरकायचं. नवीन सव्वा रुपयाचं, न फाटणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्टिकरचं. मी कुरकुरलो होतो. रंग ठरवताना ती डिझायनर पोरगी छापील रंगांचा तक्ता घेऊन आली आणि आईच्या ताटातल्या चटणीशेजारी धरून जुळवला, कारण स्क्रीनवरचा तांबडा कागदावर तसा उतरत नाही म्हणे. मागच्या बाजूला वजन, एमआरपी, ग्रॅममागची किंमत, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर, हिरवा ठिपका, तक्रारीसाठी फोन, सगळं जिथल्या तिथं. आणि एक कोपरा मुद्दाम बिनचकाकीचा ठेवलाय, कांडपाची तारीख पेनानं लिहायला. चकचकीत स्टिकरवर बॉलपेन उमटत नाही, हे तिला आधीच माहीत. रोज संध्याकाळी बायको त्या कोपऱ्यात तारखा घालत बसते आणि गिऱ्हाईक पाकीट उलटं करून आधी तारीखच बघतं.

गणपतीनंतर फोन यायला लागले. पिंपरी, ठाणे, एक तर बेळगावचा. विचारलं, नंबर कुठं मिळाला? “पाकिटावर.” माझा बोर्ड यांच्यातल्या एकानंही बघितलेला नाही. ५,००० पत्रकं पेपरातून टाकली होती आणि दोन दिवस रिक्षाही फिरवली होती. त्यातून किती आले ते विचारू नका.

कुणी करणार असेल तर दोन गोष्टी. डिझायनरकडून कोरल फाइल (डिझाइनची मूळ फाइल) आणि पीडीएफ दोन्ही घ्या, फॉन्टचं कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अक्षरं तुटत नाहीत. आमच्याकडे त्या होत्या म्हणून पाकिटाचा दुसरा आकार दुसऱ्या प्रेसवर परत पैसे न देता झाला. आणि बोर्डवाल्याकडून वायर, जोड, एसएमपीएस, प्रत्येकाची वॉरंटी बिलावर वेगवेगळी लिहून घ्या. बोर्ड चढवतानाच शीटमागं डोकावून बघा. मी त्या दिवशी खाली उभा राहून फोटो काढत होतो.

नकाशातला तो फोटो काढायची विनंती दोनदा केली, तो तिथंच आहे. मग दिवसाउजेडी काढलेले वीस फोटो टाकले, आता तो जरा खाली ढकलला गेलाय.

दिवाळी झाली, बोर्ड शाबूत आहे. पण रोज सातला बटण दाबलं की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो, ‘म’ बघतो आणि परत येऊन गल्ल्यावर बसतो. गेल्या आठवड्यापासून ती खेपही वाचली. चहावालाच तिकडून ओरडतो, “शेठ, म आहे!”