पांढरा कॅनव्हास घ्यायचाच तर: गादीचा की बिनगादीचा?

दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने फराळ करता करता विचारलं, "मामा, पांढरे कॅनव्हासचे बूट घ्यायचेत. आतून जाड गादीवाले घेऊ की तुझ्यासारखे साधे?" दोन्ही प्रकारच्या जोड्या आजही आमच्या दाराशी आहेत, तेव्हा मत द्यायला हरकत नाही. या जोड्यांच्या कंपन्यांची नावं मात्र मुद्दाम घेत नाही. माझं जे काही म्हणणं आहे ते घडणीबद्दल आहे आणि सगळं माझ्या दोन पायांपुरतं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. जुने कॅनव्हास फार मजबूत असायचे, हे माझ्या वयाचे लोक छाती काढून सांगतात. मी अमळनेरच्या शाळेत शनिवारच्या पीटीला जे घालायचो, त्यातून दिवाळीपर्यंत अंगठा बाहेर डोकवायचा. तळवा दगडासारखा. तेव्हा जुनं ते सोनं वगैरे काही नाही.

पण कापड मात्र जड होतं. आमच्या शेजारचे काका प्रताप मिलमधून निवृत्त झालेले. कोणतंही कापड ते खिडकीच्या उजेडासमोर धरायचे आणि आरपार दिसलं की काही न बोलता परत द्यायचे. बुटाला ही युक्ती तशीच लागू पडते. आत हात घालून वरचा भाग उजेडाकडे करा, बोटांची सावली दिसली तर ती जोडी ठेवून दुसरी बघा. हल्लीच्या स्वस्त जोड्यांत ती बऱ्याचदा दिसते, गादीच्या आणि बिनगादीच्याही.

कापड हलकं होत गेलं ही गोष्ट बहुधा कंपन्यांनाही ठाऊक असावी. कन्व्हर्स या अमेरिकी कंपनीचा ऑल स्टार हा कॅनव्हासचा बूट 1917 चा. अमेरिकेतला त्यांचा कारखाना 2001 मध्ये बंद झाला, काम आशियात गेलं, 2003 मध्ये नायकीने कंपनी घेतली. आणि 2013 मध्ये त्याच कंपनीने चक 70 नावाने जास्त जाड कापडाचा, उंच रबरी पट्टीचा बूट वेगळा काढला आणि साध्यापेक्षा महाग विकला. म्हणजे पूर्वी जे साध्या किमतीत मिळायचं, त्याला आता जास्त पैसे. गंमत म्हणजे त्याची पट्टी पांढरीशुभ्र नाही, मुद्दाम पिवळसर ठेवलेली आहे, जुनेपणाची झाक म्हणून. ती पिवळी झाक घालवण्यात माझे किती रविवार गेले, त्याकडे येतोच.

आपल्याकडची वंशावळ वेगळी. बाटाचा टेनिस बूट 1936 मध्ये बाटानगरला तयार झाला तो शाळेतल्या पीटीसाठीच. मिरवायला नव्हे, मळवायला आणि धुवायला. बिनगादीचा म्हणतो तो याच घराण्यातला: पातळ कापडी अस्तर, खाली रबर, संपलं.

चालायला गादीचा सरस, यात वाद नाही. जळगावात मेहरुण तलावाला सकाळी दोन फेऱ्या मारल्या की फरक टाचेला कळतो. बिनगादीच्या बुटात खडी मोजता येते. टाच दुखत असेल, वजन जास्त असेल किंवा दिवसभर उभं राहायचं काम असेल, तर पुढचं वाचू नका, गादीचा घ्या.

माझं घोडं अडलं ते धुण्यापाशी.

खानदेशात पांढरा बूट घालणं म्हणजे आठवड्याला तो धुणं. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात काळी माती. ही माती वाळल्यावर झटकून जात नाही, कापडाच्या विणीत बसते. तर गादीची जोडी मी पहिल्यांदा धुतली, चार पाण्यांत खळबळली आणि मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर ठेवली. पारा पंचेचाळीसच्या आसपास, जीन्सची पँट तासाभरात कडक होते असं ऊन. बूट वरून दुपारपर्यंत वाळला. आत बोट घातलं तर गादी ओलीच. दुसऱ्या दिवशीही ओलीच. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला आणि कडेच्या पट्टीच्या वर, सगळ्या बाजूंनी, चहा सांडावा तसा पिवळा डाग. बायको म्हणाली, "धुतले होते ना?"

पुन्हा धुतले, डाग वाढला. मला समजलं ते असं: फोम साबणाचं पाणी धरून ठेवतो. ते पाणी वाळताना हळूहळू कापडातून वर चढतं, साबणाचा अंश घेऊन (चिकटवायच्या सोल्युशनचाही असावा), आणि काठाशी येऊन उडून जातं. मागे राहतो डाग. ऊन जितकं कडक, तितका तो पक्का. गादी काढून वेगळी धुवावी म्हटलं तर ती चिकटवलेली. उचकटायला गेलो, अर्धी हातात आली. ओल्या बुटाला पांढरा पातळ कागद गुंडाळून सावलीत वाळवला तर डाग बराचसा कागदावर उतरतो, हे खरं आहे. पण दर आठवड्याला बुटाला बँडेज कोण बांधणार?

बिनगादीच्या जोडीला हे प्रकरणच नाही. साबण निघून जातो कारण थांबायला जागा नाही. सकाळी धुतली की संध्याकाळी पायात. तिलाही डाग पडतो कधी कधी, घाईत खळबळली तर, पण पुढच्या धुण्यात जातो. आणि किंमत अशी की एका चांगल्या गादीच्या जोडीत या तीन-चार येतात.

पुण्यामुंबईत, जिथे धूळ कमी आणि बूट महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसला तरी चालतो, तिथे कदाचित माझं गणित उलटं पडेल. गादी सुटी काढता येणारी जोडी मिळाली तर तीही बघावी. दुकानात टाचेकडून नख घालून उचलून बघा, दुकानदार रागावला तर रागावू द्या. पण जळगाव-भुसावळ-धुळ्याकडे राहत असाल आणि रंग पांढराच हवा असेल, तर मी साध्याच जोडीकडे हात नेईन, आणि उरलेल्या पैशांत दुसरी साधी जोडी.

हे सगळं भाच्याने शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी फुले मार्केटला जाऊन गादीचेच घेऊन आला, उंच घोट्याचे. काळे.

"डाग दिसणार नाही ना मामा."

वासाचं मी त्याला पुन्हा सांगितलं नाही.