'स्कॅग्ज अँड राइस': आठ महिने सोबत वाजवल्यावर

एक मॅन्डोलिन, एक गिटार, दोन आवाज. रिकी स्कॅग्ज (मॅन्डोलिन) आणि टोनी राइस (गिटार) यांचा १९८० साली शुगर हिल या कंपनीने काढलेला हा अल्बम एवढ्यावरच उभा आहे. बँजो नाही, फिडल नाही, बासही नाही. ऐकायला तो पहिल्याच गाण्यात आवडतो. सोबत वाजवायला घेतला की मात्र त्यातली करामत उलगडायला महिने जातात. मॅन्डोलिन किंवा गिटार शिकणाऱ्याने आठ महिने तो रियाजाला वापरला तर काय पदरात पडतं आणि कुठे अडतं, ते इथे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३६ ते १९३८ या काळात बिल मन्रो (मॅन्डोलिन) आणि त्याचा भाऊ चार्ली (गिटार) यांनी ब्लूबर्ड कंपनीसाठी ६० गाणी ध्वनिमुद्रित केली. बँजो, फिडल, मॅन्डोलिन, गिटारवर वाजणाऱ्या अमेरिकन लोकसंगीताच्या या प्रकाराला ब्लूग्रास हे नावही तेव्हा नव्हतं. स्कॅग्ज आणि राइस १९७५ मध्ये बँजोवादक जे. डी. क्रोच्या बँडमध्ये एकत्र होते, तिथला वेग आणि सफाई घेऊन ते या जुन्या जोडगाण्यांकडे परतले.

या अल्बमची खरी श्रीमंती सोलोत नाही, सोलोच्या मागे आहे. 'बरी मी बिनीथ द विलो' दहा वेळा ऐका आणि दहाही वेळा फक्त गिटार ऐका. बास नसल्यामुळे खर्जाची सगळी जबाबदारी राइसवर आहे. तो कॉर्डचा मूळ स्वर मात्रेवर टाकतो, वरच्या तारा हलकेच छेडतो आणि ओळ संपताना एका कॉर्डवरून दुसरीवर जायला तीन-चार स्वरांची पायवाट घालतो. त्या सगळ्यात गाणाऱ्याचा एक शब्दही झाकला जात नाही. आपल्याकडे तबलजीच्या साथीचं जसं कौतुक होतं, तसं या गिटारचं व्हायला हवं.

एक जागा जवळून पाहू. ओळ संपवायची ठरलेली जी-रन (जी स्वरावर येऊन थांबणारी छोटी स्वरमालिका) अशी: सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, मोकळी पाचवी, त्याच पाचव्या तारेवर पहिल्या फ्रेटवरून दुसऱ्यावर हॅमर (पुन्हा न छेडता बोट आपटून), मोकळी चौथी, तिचा दुसरा फ्रेट आणि शेवटी मोकळी तिसरी. बोटांना हे दोन दिवसांत जमतं. चुकतं ते वेळेत. बहुतेक जण ओळ पूर्ण संपल्यावर रन सुरू करतात आणि शेवटचा जी समेच्या मागे पडतो. समेपासून उलटं मोजत या आणि सुरुवात कुठे येते ते पाहा, म्हणजे रन गाणाऱ्याच्या शेवटच्या लांबवलेल्या स्वराखालीच सुरू करावी लागते हे लक्षात येईल.

आता दोन वाद्यांमधली गोम. गिटारची मोकळी तिसरी तार आणि मॅन्डोलिनच्या तारांच्या चार जोड्यांपैकी सर्वांत खालची मोकळी जोडी एकाच स्वराच्या आहेत, १९६ हर्ट्झ. रन तिथे संपत असताना मॅन्डोलिनवाला खालच्या दोन जोड्यांवर भरणा करत असेल तर नुसता गलका होतो. तिथे मॅन्डोलिनने वरच्या दोन जोड्यांवर जावं किंवा सरळ थांबावं. स्कॅग्जचं थांबणं शिकण्यासारखं आहे.

मॅन्डोलिन शिकणारा सहसा आधी चॉपमागे (छेडून लगेच बंद केलेल्या कोरड्या ठोक्यामागे) लागतो. जीची चॉप कॉर्ड खालच्या जोडीपासून फ्रेट ७-५-२-३. करंगळी सातव्या फ्रेटवर पोचत नसेल तर खालची जोडी सोडून ५-२-३ एवढंच धरा. सुटलेला डी गिटारमध्ये मिळतोच. छेडल्याबरोबर डाव्या हाताचा दाब सैल करायचा, पण बोटं तारांवरून उचलायची नाहीत. उचलली तर तारा घणघणत राहतात आणि चाटीसारखा कोरडा आवाज येत नाही. पण मोठ्या बँडमधला चॉप जसाच्या तसा इथे आणला तर दोनच वाद्यांत तो ठोकल्यासारखा वाटतो. संथ गाण्यांत ट्रेमोलो (एकाच स्वराची भरभर छेड) आणि दुहेरी स्वर जास्त शोभतात. 'मोर प्रिटी गर्ल्स दॅन वन' तीन मात्रांचं आहे. तिथे गिटार पहिल्या मात्रेवर खर्ज आणि पुढच्या दोन मात्रांवर हलकी छेड देते, त्यावर मॅन्डोलिनने एकेक स्वर लांबवत न्यावा.

रियाजाची रीत: वेग ७०% करा, स्वर बदलू न देणारं कोणतंही ॲप चालेल. चार-चार बारचे तुकडे फिरवत ठेवा. पहिला महिना फक्त साथ वाजवा, सोलोला हात लावू नका. वाद्य ट्यूनरपेक्षा ध्वनिमुद्रणाशी जुळवा. गिटारवाल्याने कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावल्यावर तारा पुन्हा तपासायच्या, कारण कॅपोच्या दाबाने त्या थोड्या चढतात. मॅन्डोलिनच्या जोडीतली एक तार बोटाने बंद करून दुसरी आधी जुळवा, मग पहिली तिच्याशी. दोन तारांत किंचित फरक राहिला तरी ट्रेमोलोत तो थरथरत ऐकू येतो आणि दोष हाताला दिला जातो.

मॅन्डोलिनचा ब्रिज चिकटवलेला नसतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो सरकतो आणि बाराव्या फ्रेटचा स्वर त्याच जागी तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या हार्मोनिकशी जुळेनासा होतो. त्याची जागा पेन्सिलने खुणावून ठेवा आणि एकावेळी एकच जोडी बदला. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर येतात. जून ते सप्टेंबर वाद्य केसमध्ये सिलिका जेलसह ठेवलं तर बरंच निभावतं.

राइसचा आवाज उतरवण्याचा अट्टहास करू नये. ज्या १९३५च्या मार्टिन डी-२८ गिटारसाठी तो ओळखला जातो, ती आधी गिटारवादक क्लॅरेन्स व्हाइटची होती आणि तिचं ध्वनिछिद्र नेहमीपेक्षा मोठं आहे. छिद्र मोठं झालं की पेटीतल्या हवेचा मूळ स्वर वर सरकतो, खर्जाची घुमणी कमी होते आणि एकेक स्वर सुटा ऐकू येतो. साध्या ड्रेडनॉटवर (मोठ्या पेटीच्या नेहमीच्या गिटारवर) त्याच्या जवळ जायचं तर छेड ब्रिजकडे दोन बोटं सरकवा.

गाणंही सोबत शिकायचं असेल तर राइसची मुख्य ओळ आणि स्कॅग्जचा टेनर (सोबतचा वरचा सूर) वेगवेगळे पाठ करा. 'व्हेअर द सोल ऑफ मॅन नेव्हर डाइज'च्या ध्रुवपदात दोघांचे शब्दच वेगळे आहेत. एकत्र शिकायला गेलं की हात थबकतो. राइसचा हा आवाज १९९४च्या सुमारास घशाच्या विकाराने गेला आणि २०२०च्या नाताळात तो स्वतःही गेला. या दहा गाण्यांतलं त्याचं गाणं म्हणूनच फार जपून ऐकावंसं वाटतं.

उणीव एकच, पण वादकांना जाणवणारी: दहापैकी फक्त 'टेनेसी ब्लूज' ही बिल मन्रोची १९४० सालची रचना निव्वळ वाद्यांची आहे. गाणं नको, फक्त तारा हव्यात, अशांनी राइसचा मॅन्डोलिनवादक डेव्हिड ग्रिसमनबरोबरचा १९९४चा 'टोन पोएम्स' घ्यावा. त्यात प्रत्येक तुकड्याला जुन्या वाद्यांची वेगळी जोडी आहे, त्यामुळे पेटी बदलली की स्वराचा पोत कसा बदलतो हे कानाला कळतं. रियाजाला मात्र आधी 'स्कॅग्ज अँड राइस'च, आणि त्यातही आधी 'विलो'ची गिटार.