कोबो टूलबॉक्स: बैलाचा खांदा मोजायला उत्तम, अहवालाचा परिणाम मोजायला वेगळा अर्ज हवा

प्राण्यांसाठी संशोधन करणारी नवी संस्था उभी राहिली की वर्षभरात देणगीदार विचारतात, फरक काय पडला? उत्तरात अहवालांची संख्या, डाउनलोड आणि कार्यशाळेची हजेरी येते. त्यातून बैलाच्या वाट्याला काय आलं हे कळत नाही. मोजायचं असतं दोन ठिकाणी: जनावराच्या अंगावर, आणि अहवाल वाचणाऱ्याच्या निर्णयात. कोबो टूलबॉक्स हे माहिती गोळा करण्याचं साधन यात कितपत पुरतं, ते बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बैलांच्या पाहणीवर पारखून पाहू.

जमेची बाजू मोठी आहे. अँड्रॉइड फोनवर अर्ज, म्हणजे प्रश्नावली, एकदा उतरवला की उसाच्या फडात रेंज नसली तरी भरता येतो. प्रश्न मराठीत लिहिता येतात. अर्ज एक्सेलच्या फाइलमध्ये बांधायचा. प्रश्न, पर्याय आणि सेटिंग अशी तीन पानं. मोफत योजनेत नोंदींना आणि साठवणीला मर्यादा आहे, आणि जागा खातात ते फोटो. म्हणून फोटोच्या प्रश्नाला १०२४ पिक्सेलची कमाल मर्यादा आधीच घालावी.

पहिली चूक टॅगच्या क्रमांकावर होते. जनावराच्या कानातला बिल्ला १२ अंकी असतो आणि फोनवरचा पूर्णांकाचा रकाना ९ अंकांपुढे जात नाही. तो प्रश्न मजकूर प्रकारचा ठेवावा, कीपॅड आकड्यांचा द्यावा आणि बरोबर १२ अंकांची अट लावावी. हे चुकलं तर पुढच्या वर्षी तोच बैल सापडत नाही, मग तुलना कशाशी करणार?

वजनाची आकडेमोड अर्ज स्वतःच करतो, हे फार सोयीचं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ७० आणि लांबी ६० असेल तर साधारण ४४५ किलो. हा अंदाजच आहे, पण ओझं ओढणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत ३५० किलोवरचा बैल 'मोठा' धरला जातो आणि गाडीवरच्या भाराची मर्यादा त्यावर ठरते. त्याच नियमांत दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांवर नाही, आणि ३७ अंशांच्या वर तापमान गेलं तर दुपारी १२ ते ३ गाडी जुंपायची नाही. अर्जात हेच प्रश्न ठेवावेत. 'बैलाची काळजी घेता का?' या प्रश्नाला 'नाही' कोण म्हणेल?

जुवाने खांद्याला होणारी इजा नोंदवायला चार पायऱ्या पुरतात: ठीक, केस गेलेले, सूज, उघडी जखम. जू काढल्यावर, त्याच बाजूने, सेंटिमीटरची पट्टी धरून फोटो घ्यावा. पाहणीआधी दोघांनी ३० बैलांना एकमेकांचं न बघता गुण द्यावेत. सूज कशाला म्हणायचं यावर हमखास मतभेद निघतो. पोळ्याला गावातले सगळे बैल एका जागी येतात म्हणून तो दिवस मोहात पाडतो. तो टाळा. आदल्या दिवशी खांदेमळणी झालेली असते, म्हणजे खांद्याला हळद-तूप चोळलेलं असतं, त्याखाली केस गेलेली जागा दिसत नाही. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघण्याआधी एकदा, आणि परतल्यावर लगेच एकदा, असं दरवर्षी त्याच सुमारास मोजावं आणि तुलना गेल्या वर्षीच्या त्याच वेळच्या मोजणीशी करावी. ऑक्टोबरचा ताजा खांदा आणि मार्चचा थकलेला खांदा शेजारी ठेवले तर बैलांसाठीची कुठलीही मोहीम अपयशी ठरते. टोळी नेणारा मुकादम शेजारी असेल तर गाडीवान मोकळं बोलेलच असं नाही, म्हणून ती नोंद वेगळी खूण करून ठेवावी.

साधनाचे दोष: पूर्ण झालेला अर्ज पाठवायचा राहतो आणि फोन बिघडला की गेला, रोज संध्याकाळी संख्या ताडून घ्यावी. हंगामाच्या मध्यात पर्यायांचे आतले संकेत (कोड) बदलले की जुन्या-नव्या नोंदी जुळत नाहीत, फक्त दिसणारा मजकूर बदलावा. नोंदी सीएसव्ही या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून ती एक्सेलमध्ये थेट उघडली तर देवनागरीच्या जागी खुणा येतात. एक्सेलचीच फाइल उतरवावी.

खरी उणीव दुसरीकडे आहे. बैलांची स्थिती सुधारली म्हणून श्रेय संशोधनाचं होत नाही. ट्रॅक्टर वाढले की रस्त्यावरचे बैल आपोआप कमी होतात. थकलेला जोड बाजारात विकून नवा घेतला की सरासरी सुधारलेली दिसते. म्हणून विकलेले बैल गळाले असं न समजता कारणासह नोंदवावेत, आणि जिथे मोहीम नाही अशा गावांतले बैलही मोजावेत.

अहवाल वाचणाऱ्या संस्थेचा निर्णय बदलला का हे पाहायला वेगळा छोटा अर्ज लागतो, आणि तो अहवाल हाती देण्याआधी तिच्याकडून भरून घ्यावा: या वर्षी पैसा आणि माणसं कशावर लावणार? सहा महिन्यांनी तोच प्रश्न, सोबत ठराव किंवा अंदाजपत्रकाची प्रत. आपल्याकडे घरी आलेल्याला 'खूप उपयोग झाला' असंच म्हणतात. तो सौजन्याचा शब्द आहे, पुरावा नव्हे. अहवाल नसता तरी हेच केलं असतं का, हा प्रश्न लेखकाने विचारू नये, त्रयस्थाने विचारावा. अहवालामुळे एखादी मोहीम थांबली असेल तर तीही मिळकतीतच धरावी.

ज्यांच्याकडे एक्सेल येणारा एक माणूस आणि चार फोन आहेत, त्यांनी कोबो जरूर घ्यावं. पहिला अर्ज ४० प्रश्नांच्या आत ठेवा. त्यापुढे गेला की जुंपायची घाई असलेला गाडीवान उत्तरं उरकतो.